पृथ्वीचं उधार खातं

हिंगणघाट सोडून महामार्ग ४४ नं हैदराबादकडे निघालं की वडनेर लागतं. इथल्या चहाच्या टपरीवर सकाळी तीन बातम्या पोचतात. काल हिंगणघाटच्या बाजारात कापसाला काय भाव निघाला, ही एक. रात्री हायवेवर कोणाचा ट्रक उलटला, ही दुसरी. तिसरी पृथ्वीच्या पोटातली असते आणि ती सर आणतात.

सर म्हणजे विज्ञान-भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं नाव गावात फक्त मतदार यादीला माहीत आहे. बाकीच्यांना 'भूकंपवाले सर' एवढं पुरतं. पांढरा बुशकोट, खिशात एक निळं पेन, एक लाल पेन आणि काच तडकलेला मोबाइल. भूभौतिकीत जगात कुठंही काही नवं छापून आलं की ते या मोबाइलवर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जाहीर होतं.

जानेवारी २०२३ मध्ये एका थंड सकाळी सर आले आणि बाकावर टेकायच्या आधीच म्हणाले, "गाभा थांबला."

"कोनाचा जी?"

"पृथ्वीचा. आतला."

टपरीवाल्यानं गॅस बारीक केला.

मग सरांनी सांगितलं. चीनमधल्या पेकिंग विद्यापीठाचे यांग आणि साँग या दोघांनी 'नेचर जिओसायन्स'मध्ये लिहिलं होतं. आपल्या पायाखाली सुमारे ५,१५० किलोमीटरवर लोखंडाचा घट्ट गोळा आहे. भूकंपाच्या लहरी त्यातून आरपार जातात. एकाच जागी होणाऱ्या एकसारख्या भूकंपांच्या लहरींना वर्षानुवर्षं किती वेळ लागला, हे ताडून पाहिलं तर गोळा वरच्या पृथ्वीच्या मानानं पुढंमागं सरकतोय का ते कळतं. या दोघांच्या हिशेबानं २००९ च्या सुमारास तो सरकायचा थांबला होता आणि बहुधा उलट्या दिशेला वळत होता.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एकानं विचारलं, "मंग आता दुरुस्तीले कोन जाईन?"

त्याच आठवड्यात एका टीव्ही वाहिनीनं पृथ्वी उलटी फिरणार म्हणून जाहीर केलं आणि सर दोन दिवस घरोघरी जाऊन लोकांना सूर्य पूर्वेलाच उगवेल अशी हमी देत होते. ती हमी मात्र त्यांनी बिनशर्त दिली. सरांकडून बिनशर्त काही मिळाल्याचं माझ्या आठवणीतलं हे एकच उदाहरण.

कारण पुढं काय झालं पाहा. जून २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या व्हिडाले यांच्या गटाचा निबंध आला. अटलांटिकच्या दक्षिण टोकाला साउथ सँडविच बेटं आहेत, तिथल्या १९९१ पासून २०२३ पर्यंतच्या १२१ भूकंपांवरून त्यांनी गाभा मागं पडतोय हे दाखवलं, पण संथपणे. सर टपरीवर आले. "थांबला नव्हता. हळूहळू मागं येऊन राहिला." फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा त्याच गटाचं आलं. गाभ्याचा नुसता वेगच बदलत नसावा, त्याचा पृष्ठभागही आकार बदलत असावा. सर पुन्हा टपरीवर.

"सर, मागच्या खेपेले तुमीच त म्हन्ले थांबला म्हनून!"

"ते त्या वेळचं होतं."

हे वाक्य ते ओशाळून म्हणत नाहीत. उलट म्हणताना त्यांची मान थोडी ताठ होते. आपण बाकीचे लोक आठवीत शिकलेली पृथ्वी मरेपर्यंत पुरवून वापरतो. कवच, प्रावरण, गाभा, संपलं. सरांची पृथ्वी दर आठवड्याला बदलते आणि गेल्या महिन्यातली पृथ्वी घेऊन कोणी वाद घालायला आला तर त्यांना त्याची कीव येते.

आता लाल पेन. सरांच्या घरी एक लांबोडी, लाल कापडी बांधणीची खातेवही आहे. त्यात तारीख, कोण म्हणाला, काय म्हणाला असे रकाने आहेत आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द असतो: जमा, उधार किंवा बुडीत. छापून आलेली प्रत्येक गोष्ट आधी उधारीत पडते, मग ती कितीही मोठ्या नियतकालिकात आलेली असो. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या आकडेवारीवरून तेच दाखवलं तर ती जमा होते. खोटी ठरली तर लाल पेन निघतं. आतला गाभा वरच्या पृथ्वीपेक्षा वेगानं फिरतो, असं याच साँग यांनी रिचर्ड्स यांच्याबरोबर १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. ती नोंद वहीत तेव्हापासून उधार आहे. सर म्हणतात, गिऱ्हाईक चांगलं आहे, पण अजून हिशेब मिटला नाही.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डचं पान मला फार आवडतं. तिथं दर बावीसेक वर्षांनी मध्यम भूकंप होतो असं दिसल्यावर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९८५ मध्ये सांगितलं होतं की पुढचा १९९३ च्या आत येणार. उपकरणं मांडून सगळे वाट पाहत बसले. १९९३ गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. सरांनी आधी 'बुडीत' लिहिलं होतं, ते खोडून पुढं लिहिलंय, 'उशिरा वसूल, व्याज नाही'.

कोयना मात्र ठळक अक्षरात जमा आहे. धरण १९६२ मध्ये भरायला लागल्यावर हादरे सुरू झाले, ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा भूकंप आला, आणि हर्ष गुप्ता आणि इतरांनी जलाशयाशी त्याचा संबंध लावून दाखवला. त्यावर जगभर काम झालं. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा निघाली, कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं. एवढं भरभक्कम खातं, पण त्यामुळं एकदा ग्रामसभेत पंचाईत झाली. कोणीतरी उठून विचारलं, "मंग आपलं निम्न वर्धा भरलं का आपल्याइकडं बी हालन का जी?" सरांनी उत्तर सुरू केलं. सगळ्याच धरणांनी असं होत नाही. खालचे खडक, त्यातल्या भेगा, आधीचा ताण, पाण्याची उंची, भरण्याचा वेग... विचारणारा खाली बसला, मग उठून बाहेर गेला, तंबाखू मळून परत आला, तेव्हा सर 'तथापि'वर होते.

हे वेड लागलं कधी? वहीचं पहिलं पान उघडलं की कळतं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून मराठवाडा झोपला होता आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. भूकंप ६.२ चा होता. हजारो माणसं मातीदगडाच्या भिंतींखाली गेली. सर तेव्हा नववी-दहावीला शिकवत. दख्खनचं पठार स्थिर आहे, असं ते पुस्तकातून वर्षानुवर्षं वाचून दाखवत आले होते. भूकंपक्षेत्रांच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारी पहिल्या क्षेत्रात होती, म्हणजे सगळ्यात निर्धोक. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, आपन कितव्यात?" सरांनी नकाशा काढला, पण तो पुन्हा गुंडाळून ठेवला. पहिल्या पानावर लाल शाईत एकच ओळ आहे: 'दख्खनचं पठार स्थिर. बुडीत.' कोण म्हणाला या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय. पुढं २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. आपण तेव्हा दुसऱ्यात आलो, आणि दुसरं सगळ्यात खालचं.

तेव्हापासून छापील पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि छापून येऊ घातलेल्यावर बसला.

पण १९९३ मध्ये वडनेरला बसून जगातलं संशोधन मिळवायचं कसं? सर रविवारी नागपूरला जात, ग्रंथालयात नव्या अंकांच्या अनुक्रमणिका उतरवून आणत आणि मग लेखकांना पोस्टकार्ड टाकत: आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. तेव्हा जगभर ही रीत होती. लेखकांना स्वतःच्या निबंधाच्या सुट्या छापील प्रती मिळत आणि ते मागेल त्याला धाडत. बस बुटीबोरीवरून जाताना सर हात जोडत. शेजारच्याला वाटे, जवळ देऊळ असेल. तिथून थोड्या अंतरावर टाकळघाट आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला तिथली जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. विदर्भातल्या काळ्या पत्थराच्या थरांमधले जीवाश्म याच माणसानं जगासमोर आणले. त्यांचे निबंध बोटीनं लंडनला जात, छापायला काही महिने, परत यायला काही महिने. सर म्हणतात, हिस्लॉपसाहेबाला वाचायला वेळ होता, मिळत काही नव्हतं. मले मिळते सगळं.

पोस्टकार्डांना उत्तरं येत. टोकियो, पोट्सडॅम, कॅलिफोर्निया. पाकिटावर पाठवणाऱ्यानं आपल्या समजुतीनं लिहिलेलं असे: 'प्रोफेसर अमुक, भूभौतिकी विभाग, वडनेर'. भूभौतिकी विभाग म्हणजे माडीवरची खोली, जिच्यात दिवाळीनंतर कापूस भरलेला असे. पोस्टमन पाकीट आणून देताना पाणी प्यायला बसायचा आणि तिकीट फाडून न्यायचा. सरांच्या घरी अमेरिकेहून टपाल येतं ही बातमी पंचक्रोशीत गेली आणि त्यांच्या धाकट्या भावाला एका पावसाळ्यात दोन चांगली स्थळं सांगून आली. भूभौतिकीचा या घराला झालेला पहिला ठोस फायदा हाच.

आता पोस्टकार्ड गेलं. आता बुधवार आहे. 'नेचर'चे निबंध बुधवारी लंडनच्या दुपारी चारला खुले होतात, म्हणजे वडनेरला उन्हाळ्यात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. तोवर सर जेवत नाहीत. शेजारणींना हे बुधवारचं व्रत वाटतं आणि सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीही, खुलासा केलेला नाही, कारण व्रताला मान असतो. 'सायन्स'चं आणखी अवघड. ते अमेरिकेच्या वेळेनं गुरुवारी दुपारी दोनला येतं, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा, थंडीत तर शुक्रवार उजाडून साडेबारा. अशा एका रात्री, २२ फेब्रुवारी २०१९ ला, सरांवर फार मोठा प्रसंग ओढवला. एकाच अंकात दोन निबंध आले, दोन्ही दख्खनच्या लाव्ह्याच्या वयावर, दोन्ही अतिशय बारीक मोजमाप केलेले, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक गट म्हणे, लाव्ह्याचा मोठा वाटा डायनासोर गेल्यानंतर आला. दुसरा गट म्हणे, लाव्हा चार झपाट्यांत आला आणि त्यातला एक मोठा झपाटा मेक्सिकोत अशनी पडायच्या थोडाच आधीचा. ज्या पत्थरावर आपलं घर उभं आहे त्याच्या जन्मवेळेवरून मध्यरात्री असा तंटा! सकाळी सरांचे डोळे लाल होते.

"म्हंजे डायनासोर मेले कायनं?"

"ठरलं नाही."

"साडेसहा कोटी वर्षं झाले जी! अजून पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट नाही आला?"

"दोन रिपोर्ट आले."

"अन् ते वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याले हाडं भेटतेत, ते? शेजारचाच होता बिचारा, म्हनून इचारून राहिलो."

सरांनी दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर केल्या. दोन्ही उधार.

निबंध फुकट मिळत नाहीत हे गावाला उशिरा कळलं. एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर पडतात. सरांनी हिशेब मांडला, २०२४-२५ चा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, म्हणजे एक निबंध सुमारे मणभर कापूस. तेव्हापासून ते निबंधांची थोरवी कापसात सांगतात. 'हा मणभराचा आहे, पण दहा किलोचाच निघाला.' २०२३ च्या जानेवारीपासून 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा सरांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या वर्षी 'जिओफिजिकल जर्नल इंटरनॅशनल'ही खुलं झालं, पुन्हा चहा. कोणीतरी विचारलंच, "मंग ते छापाचे पैसे कोन देते?"

"लिहिणारा देतो."

"म्हंजे माल त्याचा, अन् पैसे बी त्यानंच देवाचे?" जरा शांतता झाली. "आमचं पैलेपासून असंच हाय. हमाली आमचीच."

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, देशभरातल्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांना. बातमी वाचून सर हरखले, मग शेवटचा परिच्छेद वाचून बसले. वडनेरचा भूभौतिकी विभाग त्या यादीत बसत नव्हता. पण नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातला भाचा बसत होता. या भाच्याची दहा वर्षं कोणी चौकशी केली नव्हती. आता मामा रोज फोन करतात. त्याची आई फोनवर जेवला का विचारते, मागून मामाचा आवाज येतो, "उतरवला का?"

नव्या निबंधांच्या सूचना मिळाव्यात म्हणून सरांनी मोबाइलवर काही शब्द नोंदवून ठेवलेत. 'दख्खन' ठीक चालतं. पण गावाच्या प्रेमापोटी त्यांनी 'वर्धा'ही नोंदवलं आणि तिथं फसले. सेवाग्रामला आणि सावंगीला मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि डॉक्टर लोक भूभौतिकीवाल्यांपेक्षा भलतंच जास्त लिहितात. त्यामुळं सरांना भूकंपलहरींबरोबर गुडघे, पित्ताशय, सिकलसेल आणि दाढा येऊ लागल्या. आलेलं न वाचता टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. वर्षभरात गावातल्या म्हाताऱ्या गुडघ्यासाठी सरांकडे यायला लागल्या. सर त्यांनाही 'अजून ठरलं नाही' म्हणून परत पाठवतात, आणि गंमत अशी की बऱ्याच जणींना त्यानं बरं वाटतं.

सर हे सगळं पूर्ण वाचतात का? माझा अंदाज सांगतो. सारांश नक्की वाचतात, आकृत्या भिंग लावून पाहतात, आणि शेवटचा परिच्छेद दोनदा वाचतात, कारण लेखकाला कुठं खात्री नाही ते तिथं सापडतं. मधलं गणित ते 'दिसलं' म्हणतात. दोन रकान्यांचं ते पान छोट्या मोबाइलवर वाचताना त्यांचा अंगठा डावीकडून उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे असा फिरत असतो. बसमध्ये शेजारच्याला वाटतं, म्हातारा गेम खेळतोय.

आता भावाच्या बोअरचं. ज्याला स्थळं आली होती तोच हा धाकटा. त्याला शेतात बोअर मारायची होती आणि घरातच एवढा भूभौतिकीचा माणूस असताना बाहेर विचारायचं कशाला, म्हणून त्यानं सरांना जागा दाखवायला सांगितली. सर खुलले. जमिनीत चार सळया रोवायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांवर दाब मोजायचा. सळयांमधलं अंतर वाढवत गेलं की वीज खोल खोल जाते. पाणी धरलेला कुजका, भोकाभोकांचा पत्थर विजेला वाट देतो, पक्का काळा पत्थर देत नाही. श्लुंबर्गर नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये हे सुरू केलं, आणि आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा आजही करते. इथपर्यंत ठीक होतं. पण आपल्या भागात लाव्ह्याचे थर एकावर एक, मध्ये तांबड्या मातीचे पट्टे, आणि ते पट्टेही वीज वाहून नेऊन फसवतात. त्यावर सरांनी वाचायला सुरुवात केली. एका निबंधात एक रीत, दुसऱ्यात तिचे दोष, तिसऱ्यात दुसऱ्याचे दोष. मग कळलं की याच विषयावर यंत्राला शिकवून भाकीत करायची नवी पद्धत येते आहे. "दोन महिने थांब," सर म्हणाले. तूर निघाली, हरभरा निघाला. भावानं पाणी पाहणाऱ्याला बोलावलं. तो तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, मशीन आली आणि पाणी लागलं.

सर बांधावर उभे होते. म्हणाले, "एका बोअरवरून काही सिद्ध होत नाही. नमुना फार लहान आहे."

भाऊ म्हणाला, "मले एकच बोअर पाह्यजे होती."

या बोअरचा शेवट असा की जून २०२३ मध्ये, आता फुकट झालेल्या त्या 'लेटर्स'मध्ये दक्षिण कोरियाच्या सेओ यांच्या गटाचा निबंध आला. १९९३ ते २०१० या काळात माणसानं जमिनीतून सुमारे २,१५० अब्ज टन पाणी उपसलं, ते शेवटी समुद्रात गेलं, आणि वजन असं इकडचं तिकडं झाल्यानं पृथ्वीचा अक्ष जवळपास ८० सेंटीमीटर पूर्वेकडे सरकला. सरांनी टपरीवर हे सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा भावाकडे वळल्या. "तुह्या बोअरनं पृथ्वी कलली लेका!" भाऊ आधी घाबरला, मग खुश झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाहुण्यांना बोअर दाखवायला नेलं. सरांना राहवलं नाही. ते म्हणाले की यात मोठा हात वायव्य भारताचा आणि पश्चिम अमेरिकेचा आहे, आणि ही बोअर तर २०१० नंतरची. भावानं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी एक कोडं सोडवल्याचं सांगितलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण कमी पडतं आणि तिथं समुद्राची पातळी, लाटा-वारा सोडून, १०६ मीटर खाली आहे. सरांनी हे एका ट्रक ड्रायव्हरला समजावलं. तो कन्याकुमारीला निघाला होता. म्हणाला, "मंग उतारच हाय की! मालक उगाच डिझेलचे जास्त देते."

आता ४ डिसेंबर २०२४. बुधवार. सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ चा भूकंप झाला. हादरे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत आले. वडनेरमध्ये किती जणांना खरोखर जाणवला ते देव जाणे, पण आठ वाजेपर्यंत सगळ्या गावाला जाणवला होता. लोक धावत सरांच्या घरी गेले. सर घरी नव्हते. ते हिंगणघाटला जाणाऱ्या बसमध्ये होते, आणि त्या रस्त्यावर, त्या बसमध्ये, मागच्या चाकावरच्या सीटवर बसलेल्या माणसाला ५.३ काय, ७.३ कळला नसता. एकतीस वर्षं ज्याची खडान्खडा माहिती ठेवली तो दारापर्यंत येऊन गेला आणि सर गुडघ्यांवरचा निबंध वाचत होते.

बस पालटून ते तसेच परत आले. चेहरा पाहवत नव्हता. पण दहा मिनिटांत खुर्ची अंगणात आली आणि मोबाइलवर अमेरिकी सर्वेक्षणाचा 'तुम्हाला जाणवला का' हा फॉर्म उघडला. तो जगात कोणीही भरू शकतो. सर एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारू लागले. तुम्ही घरात होता की बाहेर? जागे की झोपलेले? उभं राहणं अवघड झालं का?

"मी पल्लेदार मानूस, मले कायची अडचन?"

"वस्तू हलल्या?"

"म्हस हालली."

"भूकंपाआधी की नंतर?"

"ते आता तिलेच इचारा."

पलीकडच्या घरची आजी आली. फर्निचर जागचं सरकलं का, या प्रश्नावर ती म्हणाली, "आमच्याइथं एक खाट हाय बाप्पा." खाट हलली का? "ते त रोजच हालते." सरांनी निळ्या पेनानं वहीत टिपून ठेवलं: खाट, पुरावा ग्राह्य नाही. पोट्ट्यांनी तर विहिरीचं पाणी कठड्यापर्यंत उसळल्याचं सांगितलं. सरांनी काठाची उंची विचारल्यावर ती तीन उत्तरांत तीन वेळा वाढली.

स्वतःचा फॉर्म सरांनी सगळ्यात शेवटी भरला. 'जाणवला नाही' या चौकटीवर बोट ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. मी म्हटलं, सर, तुम्ही नाही भरला तरी चालेल. ते म्हणाले, नाही, ज्यांना जाणवत नाही ते भरत नाहीत, म्हणून तर आकडे फुगतात.

मग काकूंची पाळी आली. काकू स्वयंपाकघरात होत्या, पोळीचा तवा उतरवत होत्या, आणि त्यांना खरोखर जाणवला होता. फडताळातल्या बरण्या एकमेकींवर वाजल्या होत्या. सर सावरून बसले. "त्या क्षणी तुला काय वाटलं, नीट आठवून सांग."

"काय वाटन? वरच्या खोलीत गेल्या तीस वर्षांचे पेपर कोंबलेलं ते लोखंडी कपाट हाय ना तुमचं? मले वाटलं, पडलं एकदाचं."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "कोणत्या दिशेले?"